काना गावचे सहा दगडी रांजण

महोत्सव-स्मरणिकेसाठी पवित्र शास्त्रातील एखाद्या चमत्कारावर लिहावे अशी सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम लाजराचे उठणे आले, मग पाच हजारांचे भोजन आले. तथापि विचारांती आम्ही निवडला तो त्या मानाने अगदी किरकोळ वाटणारा प्रसंग. गालीलातील काना ह्या खेड्यात एक लग्न होते. तेथे कोणी आजारी नव्हते, कोणी मरणोन्मुख नव्हते, कोणी उपाशीही नव्हते. लग्नघरी द्राक्षारस संपला, एवढीच काय ती अडचण! आणि तरीही संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ह्याच प्रसंगास प्रभूच्या चिन्हांचा आरंभ म्हणतो. जो आरंभ त्याने इतक्या जाणीवपूर्वक नोंदला, त्यास किरकोळ म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

‘चिन्ह’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. इतर तीन शुभवर्तमानकार प्रभूच्या अद्भुत कृत्यांस बहुधा सामर्थ्याची कृत्ये म्हणतात. योहान तसे म्हणत नाही. त्याच्या लेखी ती चिन्हे आहेत. चिन्हाकडे पाहून थांबावयाचे नसते, ते जिकडे बोट दाखवते तिकडे पाहावयाचे असते. पाण्याचा द्राक्षारस कसा झाला ह्या प्रश्नाशीच जो अडला, त्याने मैलाचा दगड पाहून तेथेच बिऱ्हाड थाटले, असे म्हणावे लागेल.

आता ह्या चिन्हातील रांजणांकडे वळू. ते सहा होते, दगडी होते, आणि यहुदी लोकांच्या शुद्धीकरणाच्या रीतीसाठी तेथे ठेवलेले होते. योहान मोजक्या शब्दांत लिहिणारा ग्रंथकार असूनही त्याने रांजणांची संख्या सांगितली, ते कशाचे होते हे सांगितले, कशासाठी होते हे सांगितले आणि त्यांत किती पाणी मावे हेही सांगितले. नवऱ्यामुलाचे नाव मात्र त्याने सांगितले नाही! नवरीचा तर उल्लेखच नाही. ह्यावरून त्याची दृष्टी कोठे खिळली होती हे उघड आहे.

रांजण दगडीच का, ह्याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे. मातीच्या भांड्यात अशुद्ध वस्तू पडली तर ते भांडे फोडून टाकावे, असे लेवीय ह्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. दगडास मात्र विटाळ लागत नाही, असे यहुदी शास्त्रीपंडितांचे मत होते. म्हणून खडूसारख्या मऊ दगडाची भांडी कोरून घेण्याची चाल त्या काळी यरुशलेमेत व गालीलात पडली. नासरेथजवळच्या रेना येथे अशा दगडी भांड्यांचा एक कारखानाच उत्खननात सापडल्याचे सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. योहानाने सांगितलेली गोष्ट हवेतली नव्हे, त्या मातीतली आहे, हे ह्यावरून दिसते.

आमच्या महाराष्ट्रीय वाचकांस हा नियम नवा वाटण्याचे कारण नाही. मातीचे मडके बाटले तर फोडावे, पितळेचे पातेले चिंच-राख लावून घासून घ्यावे, हा आचार आमच्याच वाडवडिलांच्या घराघरांतून चालत आला. तेव्हा कान्याचे ते सहा रांजण म्हणजे काय, हे रोमच्या किंवा लंडनच्या पंडितापेक्षा गोदाकाठच्या कुणब्यास अधिक लवकर कळावे. ज्या पाण्याने मनुष्य आपणांस शुद्ध म्हणवून घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्यास अशुद्ध ठरवतो, ते पाणी त्या रांजणांत होते.

पाणी किती? प्रत्येकात दोन किंवा तीन माप. एक माप सुमारे ३९ लिटरांचे. म्हणजे सहा रांजण मिळून जवळजवळ ४७० ते ७०० लिटर. आमच्या पंधरा लिटरांच्या हंड्याने मोजले तर सुमारे एकतीसपासून सत्तेचाळीसपर्यंत हंडे झाले. प्रभूने सांगितले, रांजण भरा. चाकरांनी ते काठोकाठ भरले. शुभवर्तमानात हे एका ओळीत संपते, परंतु ज्याने उन्हाळ्यात विहिरीवरून पाणी वाहिले आहे तो ह्या ओळीवरून इतक्या लवकर पुढे जाणार नाही. मान मोडेपर्यंत खेपा घातल्याखेरीज ते रांजण भरले नसतील. प्रभूस पाण्यावाचूनही द्राक्षारस निर्माण करता आला असता. त्याने तसे केले नाही. त्याने आधी चाकरांस घाम गाळावयास लावला, मग आपले कार्य केले.

आणखी एक गोष्ट. उणीव कोणाच्या ध्यानात आली? प्रभूच्या मातेच्या. भोजनकारभारी होता, वऱ्हाडी होते, शिष्य होते. परंतु भांडे रिकामे झाले हे प्रथम जाणले ते एका स्त्रीने. आमच्या घरांतूनही माठात पाणी उरले नाही हे आधी कोणास कळते, हे सांगावयास नकोच. ह्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र मरियेचा प्रवेश होतो तो थेट क्रूसापाशी. कान्यात प्रभू म्हणतो की आपली घटका अद्याप आलेली नाही. ती घटका क्रूसावर येते, आणि तेथे त्याच्या कुशीतून रक्त व पाणी निघते. पहिल्या चिन्हाचा अर्थ पुरता उलगडतो तो तेथे. लग्नमंडपात आरंभलेली गोष्ट गुलगुथा टेकडीपर्यंत नेऊन पोहोचविल्याशिवाय योहान थांबत नाही.

प्राचीन ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी ह्या चिन्हावर पुष्कळ विवेचन केले आहे. संत आगुस्तिन म्हणतो की जो देव दरवर्षी पावसाच्या पाण्याचा वेलीवाटे द्राक्षारस करतो, त्यानेच कान्यात तेच कार्य क्षणात केले. दरवर्षीच्या चमत्काराचे आपणांस आश्चर्य वाटत नाही, कारण तो नेमाने घडतो. शेतकऱ्यांच्या वस्तीत सांगावा असाच हा विचार आहे. सहा रांजण म्हणजे जगाची सहा युगे असाही अर्थ तो लावतो, आणि त्यांतील पाणी म्हणजे ख्रिस्ताची ओळख न पटता वाचलेले संदेष्ट्यांचे लेख. हा दुसरा अर्थ सुंदर आहे ह्यात शंका नाही, पण तो पंडिताचा अर्थ आहे. आम्हांस अधिक भावतो तो कार्थेज नगरीचा धर्माध्यक्ष संत सिप्रियन. सन २५८ मध्ये तो रक्तसाक्षी झाला. मिस्सेतील प्याल्यात द्राक्षारसासोबत पाणी का मिसळावे, हे सांगताना तो लिहितो की पाणी म्हणजे लोक आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचे रक्त. दोन्ही एकत्र मिसळली की ती पुन्हा निराळी करता येत नाहीत. ह्या वाक्याकडे आम्हांस शेवटी परत यावयाचे आहे.

कान्याची ही कथा मराठी भाषेत प्रथम केव्हा विस्ताराने गायिली गेली, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. विल्टशायर परगण्यात सन १५४९ मध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स सन १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पैठणचे संत एकनाथ त्या वेळी हयात होते. त्यांनी देह ठेवला तो सन १५९९ मध्ये. स्टीफन्स ह्यांनी ह्याच देशीच्या पुराणांचा घाट उचलून, ओवी छंदात, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. सन १६१६ मध्ये ते साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याच्या दुसऱ्या पुराणात कान्याचे लग्न आले आहे. पुढे सन १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशभाषा सोडून देण्याविषयी हुकूम काढला. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून आणि भाविकांच्या कंठांतून.

आता त्याच दशकात आमच्या ह्या नगरात काय चालले होते ते पाहा. सन १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी हे गाव निजामशाहीची राजधानी म्हणून वसविले. हबशाच्या देशात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष स्टीफन्सच्याच वयाचा होता. नगर वसले, पण पाणी नव्हते. तेव्हा सन १६१७ च्या सुमारास उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालून नहर आणून त्याने खडकीस पाणी पाजले. ‘नहरे अंबरी’ ती हीच. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, सन २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटली, पण ज्याच्या कष्टाने नगराची तहान भागली तो एके काळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता, ही गोष्ट पालटत नाही. दक्षिणेत त्या एकाच दशकात एकीकडे पाण्याच्या द्राक्षारसाची कथा मराठी ओवीत छापली जात होती आणि दुसरीकडे गुलामीतून वर आलेला एक मनुष्य खडकातून पाणी आणीत होता. एकास दुसऱ्याची वार्ता असण्याचे काहीच कारण नव्हते. आम्ही मात्र दोघांचेही वारसदार आहो. (पाणचक्कीविषयीही लिहिण्याचा मोह होतो. तेथे तर डोंगरातील झऱ्याचे पाणी जाते फिरवून दळण दळीत असे. पण पाणी आणि भाकरी हा विषय निराळा आहे, तो दुसऱ्या चिन्हाचा.)

येथून दक्षिणेस पैठण. तेथे नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. भाविकांची श्रद्धा अशी की साक्षात भगवंताने श्रीखंड्या नावाच्या गड्याचे रूप घेऊन बारा वर्षे नाथांच्या घरी कावडीने पाणी भरले. नाथषष्ठीच्या यात्रेपूर्वी, तुकाराम बीजेपासून, तो रांजण भरण्यास आरंभ होतो आणि तो ओसंडून वाहू लागला म्हणजे देवाची घागर पडली असे समजतात. आम्ही ख्रिस्ती आहो, आमची श्रद्धा निराळी, आणि दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या भूमीत देव पाणक्या होऊन राबतो ही कल्पना घरोघर पोहोचलेली आहे, त्या भूमीत कान्याची कथा परकी राहू शकत नाही. त्याच नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे मूल कडेवर उचलून घेतले, हीही कथा आमच्याकडच्या शाळकरी मुलांस पाठ असते.

कथा पाठ होती, पण पाणी मात्र बंद होते! सन १९३४ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरले. आमच्या नगरापासून अगदी जवळचे हे ठिकाण. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत तो प्रसंग सविस्तर आहे. रमजानचा महिना होता. प्रवासाने सर्वांची अंगे धुळीने माखली होती. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक लहानसे टाके पाण्याने काठोकाठ भरलेले होते आणि भोवती रुंद दगडी फरसबंदी होती. काहींनी तेथे हातपाय व तोंड धुतले. ते दरवाजापाशी पोहोचतात न पोहोचतात तोच एक वृद्ध मुसलमान, ह्या लोकांनी आमचे टाके बाटविले, असे ओरडत धावत आला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. आम्ही मुसलमान झालो तर आम्हांस हे पाणी घेऊ द्याल काय, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ला पाहण्यास परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही ह्या अटीवर, आणि पाळतीसाठी सोबत एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

काठोकाठ भरलेले पाणी, दगडी फरसबंदी, शुद्धी आणि विटाळ. योहानाने वर्णिलेल्या त्या सर्व वस्तू येथे जशाच्या तशा आहेत. उणीव आहे ती एकाच पाहुण्याची.

हे लिहिण्यात कोणा एका समाजास बोल लावण्याचा आमचा उद्देश नाही, हे निक्षून सांगतो. सात वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा तेथील सवर्णांनी काय केले? तळ्यातून एकशे आठ मातीच्या घागरी भरून घेतल्या, त्यांत पंचगव्य मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पाणी पुन्हा तळ्यात ओतून तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. कान्यात शुद्धीकरणाचे सहा रांजण होते, महाडास एकशे आठ घागरी. कान्यात त्या रांजणांतून निघाले ते सर्वांच्या पंक्तीसाठी. महाडास घागरींतून जे ओतले गेले ते पंक्ती निराळी राखण्यासाठी. चिन्ह आणि त्याचा उलटा आरसा शेजारी ठेवून पाहावे, मग काना कळते.

आणि आम्ही ख्रिस्ती? आमचे हात कोरडे आहेत असे म्हणण्याची सोय नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयीही बाबासाहेबांनी लिहिले आहे, आणि ते वाचताना मान खाली घालावी लागते. तामिळ प्रांतात वडक्कनकुलम येथे तर उच्चवर्णीय व इतर ख्रिस्ती ह्यांना निराळे बसविण्यासाठी प्रभुमंदिरातच भिंत घातलेली होती. ती सन १९१० मध्ये पाडण्यात आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंस जी मिस्सा चाले तीत कान्याचेच शुभवर्तमान वाचले जात असे! वाचणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास त्यातले सहा रांजण दिसले नाहीत, हे केवढे आश्चर्य.

आमच्या भागात गोष्ट थोडी निराळ्या रीतीने घडली. सन १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्या शतकाच्या अखेरीस सव्हॉय प्रांतातून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संस्थेचे धर्मगुरू घोगरगावासारख्या खेड्यांतून वस्ती करू लागले. पुढे सन १९५५ मध्ये हा भाग अमरावती धर्मप्रांतात आला आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हा इतिहास ह्या स्मरणिकेत इतरत्र येईलच. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच की, त्या खेड्यांतून ज्यांनी स्नानसंस्कार घेतला ते बहुतांशी महार व मांग समाजांतील लोक होते. गावच्या विहिरीस त्यांनी हात लावावयाचा नाही, दुसऱ्याने वरून धार धरावी तेव्हा ओंजळीने प्यावे, अशी त्यांची रीत होती. वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही हे ऐकलेले आहे, आणि ते सांगताना त्यांचे हात आपोआप ओंजळीसारखे जुळत, हेही पाहिलेले आहे.

अशा मनुष्याने प्रथम देऊळात पाऊल टाकले तेव्हा दाराशी काय होते? पवित्र पाण्याचे भांडे. त्यात धर्मगुरूंनी बोटे बुडविली, त्यानेही बुडविली, त्याच्यामागून येणाऱ्या बाईने बुडविली. कोणी ते पाणी ओतून दिले नाही, कोणी भांडे फोडले नाही. आम्ही आज घाईघाईने क्रूसाची खूण करून आत शिरतो, आणि ते भांडे आम्हांस दिसतही नाही. आमच्या आज्याच्या आज्यास मात्र ते पहिल्या दिवशी दिसले असेल. धर्मोपदेश त्यास पुढे समजला असेल, प्रार्थना पुढे पाठ झाल्या असतील. पण ओल्या बोटांनी कपाळास स्पर्श केला तेव्हाच त्यास काहीतरी समजले असले पाहिजे. पाण्याचा द्राक्षारस होणे म्हणजे काय, ह्याविषयी आम्ही वाचलेल्या टीकाग्रंथांत ह्याहून स्पष्ट भाष्य आम्हांस आढळले नाही.

कोणी म्हणेल, त्या गोष्टी आता इतिहासजमा झाल्या. कायद्याने त्या बंद झाल्या हे खरे. नळ आले, जायकवाडीचे पाणी आले. परंतु ह्या नगराने आठवडा आठवडा नळास पाणी न येण्याची वर्षे पाहिली आहेत आणि टँकरभोवतीची रांगही पाहिली आहे. त्या रांगेत कोण पुढे उभा राहतो, कोणाचा हंडा मागे सारला जातो, आणि आमच्या लग्नकार्यांत वाढपी कोण व पंक्तीस कोण, हे प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रामात पाहावे. संत पापा दुसरे जॉन पॉल ह्यांनी सन २००२ मध्ये जपमाळेत प्रकाशाची रहस्ये घातली आणि त्यांतील दुसरे रहस्य म्हणून कान्याचे लग्न नेमून दिले. तेव्हापासून गुरुवारी आमच्या घरांतून ह्या रहस्याचे चिंतन होते. दहा नमो मरिया म्हणावयास जितका वेळ लागतो तितका वेळ सहा रांजणांसमोर उभे राहिल्यास, ते कशासाठी ठेवलेले होते हा प्रश्न मनात आल्यावाचून राहणार नाही.

आता सिप्रियनच्या वाक्याकडे परत येऊ. मिस्सेत अर्पणाच्या वेळी धर्मगुरू प्याल्यातील द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब घालतात. कान्यातील सातशे लिटरांपैकी आमच्या वाट्यास आलेला तो थेंब. एकदा मिसळला की धर्मगुरूंसही तो वेगळा काढता येत नाही. कोणत्या विहिरीचा होता, कोणी आणला, कोणाच्या हाताने आणला, हे विचारण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. ते पाणी वेदीपाशी घेऊन येतो तो बहुधा आमच्याच वस्तीतील एखादा दहाबारा वर्षांचा वेदीसेवक.

कान्यातही पाणी आणणारे चाकरच होते. भोजनकारभाऱ्याने तो द्राक्षारस चाखला आणि तो कोठून आला हे त्यास कळले नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांस मात्र ठाऊक होते, असे योहान मुद्दाम लिहितो. शिष्यांनी विश्वास ठेवला हेही तो लिहितो. त्या चाकरांस पुढे पंक्तीत बसविले की नाही, हे त्याने लिहिलेले नाही.